पाटावरची ऑपरेटर

चिपळूणला राहायला जाऊन त्यांना आता वर्ष होत आलं, तरी फोन उचलल्यावर त्या 'हॅलो' म्हणत नाहीत. "रत्नागिरी!" म्हणतात. खणखणीत आवाजात, शेवटचा 'री' जरा लांबवून. मागून त्यांच्या पुतण्याचा आवाज येतो, "आत्या, आपण चिपळूणला आहोत." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "माणूस कुठे का असेना, एक्स्चेंज बदलत नाही."

कॉलेजची पहिली दोन वर्षं मी त्यांच्या घरात भाड्याने राहिले. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे फार तर होडीवर नाव रंगवणं.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. ऑपरेटर म्हणून. ट्रंककॉल नावाची गोष्ट मला त्यांच्यामुळे कळली. तेव्हा म्हणे मुंबईला बोलायचं तर आधी नंबर लावून ठेवावा लागे, मग तासन् तास थांबायचं, आणि एकदा लाईन मिळाली की तीन मिनिटं बोलायचं. तीन मिनिटं संपली की मधेच ऑपरेटर विचारायची, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" कॉल तीन जातींचे: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंग म्हणजे सगळं बाजूला सारून आधी तो. आत्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टी या तीन खणांत घालून टाकल्या होत्या. आमटी ऑर्डिनरी, भात अर्जंट. माझी परीक्षा अर्जंट. नगरपालिकेचं पाणी येण्याची वेळ अर्जंट. "आणि लाइटनिंग?" मी एकदा विचारलं. "तो असा रोज येत नाही," त्या म्हणाल्या. "आला की कळतो."

खोली बघायला मी बाबांबरोबर गेले होते, तेव्हा त्यांनी आम्हाला ना गाव विचारलं ना जात. मला ओसरीवर उभं केलं, स्वतः स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटून घेतलं आणि आतून म्हणाल्या, "नाव सांग."

मी सांगितलं.

"पोचलं नाही."

मी परत सांगितलं. बाबा पायरीखाली चपला हातात धरून उभे होते, ते माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा दार उघडलं. "लाईनवर खरखर आहे," आत्या बाबांना म्हणाल्या, "पण पलीकडे माणूस आहे. राहू दे."

बाबांनी येताना सोड्यांची पिशवी आणली होती. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, चांगली मोठी. आमच्याकडून कोणाला काही द्यायचं तर याहून मोठं काही नसतं. पिशवी त्यांच्या हातात दिल्यावर मग आमचं लक्ष देवघराकडे, तुळशीकडे गेलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. शाकाहारी घरात आम्ही सुकं घेऊन गेलो होतो. आत्यांनी पिशवी उघडून नाक घातलं आणि म्हणाल्या, "हे जयगडचे. आमच्या एक्स्चेंजमध्ये एक जण डब्यात आणायचा, सगळा बोर्ड दरवळायचा. मी खात नाही, पण वास माझ्या ओळखीचा आहे." पिशवी त्यांनी मागच्या पडवीत खुंटीला लावली. तिथेच माझ्यासाठी वेगळी शेगडी ठेवली आणि सांगितलं, "तुला हवं तेव्हा कर. मला फक्त आधी सांग, म्हणजे मी तेवढा वेळ पुढच्या ओसरीवर बसेन. नाहीतर मला भूक लागते."

मी आधी त्यांना काकू म्हटलं होतं. "मी कोणाच्या काकाची बायको नाही," त्या म्हणाल्या. "आत्या म्हण. आत्या व्हायला लग्न लागत नाही."

आता शर्यतीचं सांगते.

रत्नागिरीच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर पिंट्यादादा कायाक आणि पॅडलबोर्ड भाड्याने देतो. कायाक म्हणजे प्लास्टिकची अरुंद होडी, एका माणसाची. पॅडलबोर्ड म्हणजे नुसती लांब फळी, तिच्यावर उभं राहून वल्हवायचं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत समुद्र शांत असतो तेव्हा त्याचा धंदा चालतो. शुक्रवारी संध्याकाळी पर्यटक भेळेच्या गाड्यांकडे वळले की गावातले लोक उतरत. दातांचे एक डॉक्टर, बँकेतल्या दोघी, कॉलेजातली काही मुलं. किनाऱ्यापासून निघायचं, आत एक नारिंगी बोया तरंगत असतो त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. बक्षीस काही नाही. जिंकणाऱ्याला पिंट्यादादा कोकम सरबत देई, आणि हरणाऱ्यांनाही देई.

आत्या त्यात कशा शिरल्या याची कथा पिंट्यादादा सांगतो. पहिल्याच वर्षी त्याने भोंगा लावून लोकांना बोलवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेसमधल्या एक बाई तरातरा चालत आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा आवाज फाटतो. तुम्ही तोंड भोंग्याला चिकटवता. चार बोटं अंतर ठेवा." त्याने ठेवलं. आवाज खरंच सुधारला. "आता हे काय आहे ते दाखवा," आत्या म्हणाल्या.

त्याने पॅडलबोर्ड दाखवला. आत्यांनी तो वरून खालून बघितला. "हा तर पाट आहे," म्हणाल्या, आणि त्यावर मांडी घालून बसल्या.

त्या शेवटपर्यंत बसूनच राहिल्या. सगळे बोर्डवर उभे, आत्या जेवायला बसल्यासारख्या. ते लांब वल्हं त्या कढईत झारा फिरवल्यासारखं फिरवत. चष्मा परकराच्या जुन्या नाडीने डोक्यामागे बांधलेला, अंगात नारिंगी जाकीट, पायात रबरी स्लिपर. डॉक्टर त्यांना दर वेळी म्हणायचे, "अहो, एकदा उभ्या राहून तर बघा! सोपं आहे."

"पाटावर उभं राहतात ते लग्नात," आत्या म्हणायच्या. "मी तेव्हा राहिले नाही, आता कशाला राहू?"

शर्यत सुरू करायचा आणि वेळ मोजायचा मान त्यांचाच होता. घड्याळ त्या वापरत नसत. तीन मिनिटं त्यांच्या अंगात मुरली होती. बोलता बोलता, भाजी निवडता निवडता त्या मधेच मान उचलत, आणि मी घड्याळ बघितलं की तीन मिनिटं झालेली असत. चांगल्या माणसाला बोयापर्यंत जाऊन यायला दोन कॉल लागतात, असा त्यांचा हिशोब होता. सगळे रांगेत आले की त्या ओरडत, "रत्नागिरी..." आणि मग "बोला!" 'बोला' म्हटलं की सुटायचं.

पण त्या स्वतःही शर्यतीत असत आणि सगळ्यांत शेवटी येत. किनाऱ्याला लागेपर्यंत त्या मोजणं थांबवत नसत. त्यामुळे पहिल्या आलेल्या माणसाची वेळ कधी कोणाला कळलीच नाही. कोणीही जिंको, वेळ एकच लागे: आत्यांची. कॉलेजातल्या एका मुलाने एकदा मोबाईलवर वेळ लावायची सूचना केली. आत्या म्हणाल्या, "सगळ्यांची लाईन बंद झाल्याशिवाय ऑपरेटर बोर्ड सोडत नाही." त्यात आणि त्याच्या सूचनेत नक्की काय संबंध होता हे त्याला कळलं नाही, पण तो परत बोलला नाही.

वाटेत भेटेल त्याच्याशी त्या बोलत. "कोण, दात का? जा पुढे, लाईन मोकळी आहे." दातांचे डॉक्टर त्यांच्यासाठी 'दात' होते. डॉक्टरांनी ते मानून घेतलं होतं.

मला त्यांनी पहिल्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्याच किनाऱ्यावर नेलं. मी जयगडची, बाबा तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. हे कळल्यावर सगळे म्हणाले, "मग काय! तू तर पाण्यातलीच."

मला कसं सांगावं ते कळेना. मी आयुष्यात कधी होडीत बसले नव्हते.

फेरीबोटीत बसले होते. जयगडहून पलीकडे तवसाळला जाऊन आम्ही हेदवीच्या गणपतीला जायचो. पण ती फेरीबोट. तिच्यात एसटी आणि ट्रकसुद्धा चढतात. मासेमारीच्या होडीची गोष्ट वेगळी. आमच्या घरच्या होडीत बाईमाणूस चढत नाही. बायका जाळी सांधतात, दोर ओढतात, मासळी निवडतात, टोपली डोक्यावर घेऊन विकायला जातात. होडी पाण्यात ढकलायला खांदा लावतात. पण ती तरंगली की हात सोडायचा आणि मागे सरायचं. आई होडीचा दांडा धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे आणि होडी पुढे निघून चालली आहे, हे चित्र मी लहानपणापासून पाहत आले. आणि गंमत अशी की आमच्या वाडीतल्या बहुतेक होड्यांना बायकांचीच नावं असतात. देवीचं, आजीचं, लेकीचं. नावं समुद्रात जातात, बायका जात नाहीत.

हे सगळं मी त्या दिवशी बोलले नाही. माझ्याने तेव्हा चार माणसांसमोर दोन वाक्यं नीट होत नव्हती. एवढंच म्हणाले, "मला येत नाही."

"कोणाला येतं?" आत्या आपल्या पाटावरून म्हणाल्या. "बस."

मी कायाकजवळ गेले. का ते सांगता येणार नाही, पण माझ्या पायांनी आपोआप चपला काढल्या. होडीच्या पुढच्या टोकाला आम्ही नाळ म्हणतो. बाबा होडीवर चढण्याआधी अनवाणी होऊन नाळेला हात लावतात, तो कपाळाला लावतात आणि मगच पाय आत ठेवतात. मी तसंच केलं.

डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "अगं, ही प्लास्टिकची आहे! हिला काय कळतंय?"

माझे कान तापले. हात परत घ्यावा की तिथेच ठेवावा ते कळेना. तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज आला.

"एक्स्चेंजचा बोर्डसुद्धा पत्र्याचा आणि बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या प्लास्टिकचाच होता. मी रोज ड्यूटीवर बसताना त्याला नमस्कार करायचे. त्याला कळत होतं की नाही माहीत नाही. मला कळत होतं." असं म्हणून त्या गुडघाभर पाण्यात पाटावरून उतरल्या, स्लिपर काढून पिंट्यादादाकडे फेकल्या, पाटाच्या टोकाला हात लावून कपाळाला लावला आणि परत मांडी घालून बसल्या. "हं. आता तुम्ही, दात."

डॉक्टरांनी बूट काढले. पुढच्या शुक्रवारी बँकेतल्या दोघींनीही काढले. महिन्याभरात अशी रीत पडली की शर्यतीआधी किनाऱ्यावर चपलांची रांग लागे आणि सगळे वाकून नमस्कार करत. डॉक्टर तर पुढेही हात लावत आणि मागेही. पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं याची त्यांना खात्री नव्हती.

मला होडी कशी वाटली ते लिहायला हवं. पाणी एवढ्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. वरून समुद्र एक दिसतो. त्याच्यात बसलं की तो खालून ढकलतो, बाजूने ओढतो, मधेच गप्प होतो. बोयाला वळसा घालून पहिल्यांदा किनाऱ्याकडे तोंड केलं तेव्हा माझ्या मनात आलं, आई कमरेएवढ्या पाण्यात उभी असते ती बाबांना इथून अशी दिसत असणार. लहान, आणि सारखी लहान होत जाणारी.

आत्यांचा एक नियम मी सांगितला नाही. जोडायचं आणि बाहेर पडायचं. ऐकायचं नाही. नोकरीत हजारो बोलणी त्यांच्या कानांवरून गेली असतील. लग्नं जमलेली, मोडलेली, कोणी गेल्याची. एक शब्द कधी त्यांच्या तोंडून बाहेर आला नाही. शेजारच्या घरात नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की त्या मिक्सर लावत. कधीकधी तो रिकामाच फिरत असे.

माझं आणि बाबांचं फोनवरचं बोलणं त्यांना मात्र बघवत नसे. ते असं असायचं:

"जेवलंस काय गो?"

"जेवले."

"बरा हायस ना?"

"हो. तुम्ही?"

"व्हय. मंग ठेव."

"तीन मिनिटं तुमची असतात," आत्या म्हणायच्या, "आणि तुम्ही बापलेक बारा शब्दांत लाईन सोडता. बाकीची कोणाला दान करता?" मी हसायचे. आमच्याकडे बोलायची पद्धतच नव्हती. बाबा समुद्रावरून येत तेव्हा थकलेले असत, आणि जात तेव्हा आम्ही झोपलेलो असू.

त्या हिवाळ्यात आमच्या होडीला मासळी लागत नव्हती. इतरांना थोडी लागत होती, आम्हाला नाही. वाडीतलं कोणीतरी रत्नागिरीला आलं होतं, त्याने मला शुक्रवारी पाण्यात पाहिलं. मग जे व्हायचं ते झालं. मी घरी गेले तेव्हा आईने मला दबक्या आवाजात सांगितलं, "लोकं बोलतायत गो. तांडेलाची पोर पाण्यावर खेळते, मंग मासळी कशी येल? खलाशी दुसऱ्या होडीवर जातो म्हणतायत." खलाशी गेले की होडी किनाऱ्याला बसते. एकट्याने होडी जात नाही.

मला राग यायला हवा होता. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला यायला हवा. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली. ज्या दिवशी बाबा रिकाम्या हाताने आले असं कळे, त्या दिवशी मी आठवून बघे, आदल्या शुक्रवारी मी काय केलं होतं.

मग बाबांचा फोन आला. "रविवारी येतंय मी. सामान बांधून ठेव." आणि ठेवला.

मी कपडे पिशवीत भरायला लागले. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं, अडखळत. मासळीचं, खलाशांचं, आईचं. त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. मग म्हणाल्या, "हा लाइटनिंग."

बाबांचा नंबर त्यांना पाठ होता. त्यांना सगळेच नंबर पाठ असत. मोबाईलमध्ये त्यांनी एकही नाव साठवलेलं नव्हतं. त्यांनी नंबर लावला. "रत्नागिरी! जयगड बोलतंय का? रविवारी नको, शुक्रवारी या. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. मग न्यायचं तर न्या, मी अडवणार नाही. हं, तुमची लेक देते." आणि माझ्या हातात फोन देऊन त्या अंगणात गेल्या. बाहेरून झाडू मारल्याचा आवाज येत राहिला. अंगण सकाळीच झाडलं होतं.

आम्ही काही बोललो नाही. मी फोन कानाला धरून उभी होते. पलीकडे वारा होता, कोणीतरी जाळं झटकत होतं. बाबांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनाही इकडचा झाडू ऐकू येत असणार. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बरं, शुक्रवारी."

आत्यांनी आत आल्यावर विचारलं, "काय बोललात ते सांगू नकोस. बोललात ना?"

"नाही."

"असू दे. लाईन तर चालू होती."

शुक्रवारी बाबा आले ते पांढरा शर्ट घालून. लग्नाकार्याला घालतात तो. माझी पिशवी खोलीत भरून तयार होती. किनाऱ्यावर ते पिंट्यादादाच्या टपरीजवळ हाताची घडी घालून उभे राहिले. मी त्यांच्या बाजूला, पायांत चपला घालून. त्या दिवशी मी उतरणार नव्हतेच.

आत्यांनी लांबूनच हाक मारली, "या! मी सगळ्यांच्या शेवटी असते, म्हणून आता बोलत नाही. मागाहून बोलू." आणि त्या पाण्याकडे वळल्या.

मग नेहमीचं सुरू झालं. डॉक्टरांनी बूट काढले. बँकेतल्या दोघींनी सँडल काढल्या, कॉलेजच्या मुलांनी काढल्या. रांग लागली. एकेक जण आपापल्या होडीशी, फळीशी वाकला, हात लावला, कपाळाला नेला. डॉक्टरांनी पुढे लावला, मागेही लावला. आत्यांनी पाटाला नमस्कार केला. कोणी हसत नव्हतं. त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं, इतकी ती सवय झाली होती.

बाबांच्या हातांची घडी सुटली.

"हे यांना कोणी शिकवलान?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, पण आत्यांना ऐकू गेलं. त्यांना सगळंच ऐकू जायचं.

"तुमच्या घरातून आलंय!" आत्या पाण्यातून ओरडल्या. "आम्ही नुसतं पुढे जोडून दिलं."

बाबा बराच वेळ त्या सगळ्यांकडे बघत होते. मग चालत किनाऱ्यावर एकट्याच उरलेल्या कायाककडे गेले, जिच्यात मी दर वेळी बसायचे. वाकून बोटांनी तिच्यावर टकटक केलं. "पोकळ हाय," स्वतःशीच म्हणाले. "नाव काय हिचा?"

"सात नंबर," पिंट्यादादा म्हणाला.

"नंबर झाला. नाव?"

"नाव नाही हो तिला."

"बिननावाची होडी पाण्यात घालायची नसते," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांग."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सगळे थांबले होते. डॉक्टर फळीवर उभे राहून डुलत होते.

मी आईचं नाव सांगितलं. "सुगंधा."

"पोचलं नाही!" पाण्यातून आत्या.

मी परत सांगितलं. वारा समोरून होता.

"नाही पोचलं!"

मग मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी कधीच काही बोललेले नाही, ना वर्गात, ना घरात. भेळेच्या गाडीवरचे लोक वळून बघायला लागले. बाबांनी मान खाली घातली. क्षणभर मला वाटलं, चुकलंच. आई कधी होडीत चढली नाही, आणि मी तिचं नाव चार अनोळखी माणसांसमोर किनाऱ्यावर ओरडून सांगितलं.

बाबांनी चपला काढल्या. पॅन्ट दुमडायच्या भानगडीत पडले नाहीत. कायाकची नाळ धरून पाण्यात ओढली, हात कपाळाला लावला आणि मला म्हणाले, "बस."

मी चपला काढल्या, नमस्कार केला, बसले. त्यांनी मागून होडीला खांदा लावला. हलकी प्लास्टिकची होडी, एका बोटानेसुद्धा गेली असती. पण त्यांनी आमची मोठी होडी ढकलावी तसा खांदा लावला. ती तरंगली. मग त्यांनी हात सोडला आणि मागे सरले.

"रत्नागिरी..." आत्या ओरडल्या, "बोला!"

मी कितीतरी वेळा मागे वळून बघितलं, त्यामुळेच असेल, बोयापर्यंत मी शेवटून दुसरी होते. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पांढरा शर्ट भिजला होता. ते लहान होत होते. शेजारून आत्या झारा फिरवत आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझं मोजणं चालू आहे. तू हळू आलीस तरी चालेल."

रात्रीच्या गाडीने बाबा एकटेच परत गेले. ओसरीवर चहा पिऊन उठताना त्यांनी खोलीत डोकावून माझ्या पिशवीकडे बघितलं. म्हणाले, "ती सोड. कपडे चुरगळतात." एवढंच. आत्यांशी ते त्या संध्याकाळी काय बोलले ते मला माहीत नाही. मी मुद्दाम पडवीत जाऊन भांडी घासत बसले.

पुढच्या वर्षी आत्यांचे गुडघे मांडी घालू देईनात. पुतण्या येऊन त्यांना चिपळूणला घेऊन गेला, घराला कुलूप लागलं, मी हॉस्टेलवर आले. शर्यती चालू आहेत. आता मोबाईलवर वेळ लावतात, त्यामुळे कोण जिंकलं ते कळतं. आत्यांचा पाट पिंट्यादादा शुक्रवारी कोणाला देत नाही. सात नंबरवर डॉक्टरांनी रंगाने नाव लिहून दिलं आहे, अक्षर वाईट आहे.

पण मला शेवटी सांगायचं होतं ते त्याच आठवड्यातलं. बाबा येऊन गेल्यावर दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आत्या स्वयंपाकघरात होत्या, मी ओसरीवर. त्यांनी लगेच भांडी आदळायला सुरुवात केली.

"जेवलंस काय गो?"

"जेवले."

मी 'मंग ठेव'ची वाट बघत होते.

"त्या बोयाला," बाबा म्हणाले, "तू लय जवळून वळतंस. दोर असतो खाली. वल्हा अडकंल."

"बरं."

"लांबून घे वळसा."

"घेईन." मग मी विचारलं, "वाडीत काय म्हणतात?"

"म्हणतील काय! सांगितला मी. म्हटला, पोर पाया पडून चढते. आणि तिकडची शिकलेली माणसा पण पडतात."

"आणि खलाशी?"

"एक गेला. दुसरा बघतंय मी. तुझा मामा येतो म्हणतोय."

"मासळी लागली?"

"नाय अजून. ती काय तुझ्यामुळा गेली काय?" आणि ते हसले. फोनवर बाबांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "तुझी आई इचारते, होडीत बसला की कसा वाटता? मी म्हटला, तिलाच इचार. ती बाजूलाच उभी हाय, पण घेत नाय फोन, लाजते."

काय सांगावं ते मी शोधत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातली भांडी थांबली आणि आतून खणखणीत आवाज आला, "तीन मिनिटं झाली!"

तो जयगडपर्यंत पोचला.

"त्यांना सांग," बाबा म्हणाले, "वाढवा."